खाडीकाठी ट्रेल कॅमेरा लावायचा तर आधी पाणी शिका

डिसेंबरातली पौर्णिमा होती. मी दुपारच्या भरतीला बांधावर उभं राहून पाणी कुठपर्यंत चढतं ते नीट बघितलं, बांबूवर खूण केली, खुणेच्या वर वीतभर जागा सोडून ट्रेल कॅमेरा (समोर जनावर हललं की आपोआप फोटो काढणारा) बांधला आणि निवांत घरी आलो. आठ दिवसांनी गेलो तर काचेच्या आत पाणी, बॅटरीच्या स्प्रिंगा हिरव्या, आणि कार्डातला शेवटचा फोटो पहिल्याच रात्रीचा, साडेबाराच्या सुमाराचा, नुसतं काळं पाणी. पाणी मी डोळ्यांनी बघितलं होतं, मग चुकलं कुठे?

चुकलं ते असं. आपल्या ठाणे खाडीला चोवीस तासांत दोन भरत्या येतात पण दोन्ही सारख्या नसतात. पावसाळ्याच्या महिन्यांत उधाणाची दुपारची भरती मोठी असते, म्हणून तर जून-जुलैला दुपारी पाणी तुंबल्याच्या बातम्या येतात, आणि हिवाळ्यात बरोबर उलटं, मध्यरात्रीची भरती मोठी आणि दुपारची लहान. मी लहान भरती बघून मोठ्या भरतीचा अंदाज बांधला. ज्यांच्या जमिनीत कॅमेरा होता ते मामा (सख्खे नाहीत, मित्राचे मामा, पण आता माझेही मामाच झालेत) ऐकून एवढंच म्हणाले, अरे मला विचारायचंस ना, थंडीत पाणी रात्रीचं येतं. जन्म खाडीवर गेलेल्या माणसाला हे माहीत असतं, आपल्याला विचारायचं सुचत नाही.

म्हणून हा लेख. इंटरनेटवर ट्रेल कॅमेऱ्याची माहिती भरपूर आहे पण ती सगळी जंगलातल्या पायवाटेची नाहीतर गोड्या पाण्याच्या ओढ्याची. ठाणे, ऐरोली, वाशी, बेलापूर, दिवा या पट्ट्यात पाणी खारं आहे, दिवसातून चार वेळा दिशा बदलतं, आणि जनावरंही त्याच हिशोबाने फिरतात. कॅमेऱ्याचं सेटिंग नंतर, आधी पाणी.

भरती-ओहोटीचा हिशोब

मोबाईलवर भरतीचं कोष्टक मिळतं, ते वापराच, पण जुनी रीतही शिकून ठेवा कारण ती डोक्यात राहते. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते. चतुर्थी म्हणजे चार, चारचे पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटे दोन्ही. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. रोज ही वेळ पन्नास मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. हा ढोबळ हिशोब आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, शिवाय कोष्टक मुंबई बंदराचं असतं आणि पाणी खाडीत वर ठाण्याकडे चढायला आणखी वेळ लागतो, तो किती ते तुमच्या जागेवर दोन-तीनदा उभं राहून मोजा आणि वहीत लिहून ठेवा. वही हवीच, पुढे सांगतो का ते.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, फरक कमी. कॅमेऱ्याची उंची उधाणाच्या पाण्यावरून ठरवायची, आणि कॅमेरा बघायला जायचं ते भांगाच्या दिवसांत. मी अष्टमीच्या जवळचा रविवार धरतो, सकाळी नऊला पोचतो, पाणी उतरत असतं, दुपारपर्यंत घाई नसते.

परवानगी, आणि हे पहिल्या दिवशीच

कॅमेरा मिळाला की लोक थेट तिवरांत घुसतात. असं करू नका. ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानचा मोठा भाग ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात येतो, २०१५ साली जाहीर झालेलं, साधारण १७ चौरस किलोमीटर, आणि २०२२ पासून तो रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. अभयारण्यात फोटोग्राफीसाठी शिरायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली परवाना लागतो, आणि स्वतःचं यंत्र तिथे रात्रंदिवस ठेवून येणं ही तर फार पुढची गोष्ट. अभयारण्याबाहेरची सरकारी खारफुटीसुद्धा मोकळी जागा नाहीये, ती बहुतेक वनखात्याकडे आहे आणि तिचं बघायला कांदळवन कक्ष आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटी तोडायला मनाई केली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली. त्यामुळे फ्रेममध्ये आलेली एक फांदी छाटू म्हणून कोयता काढायचा नाही, खोडाला खिळा मारायचा नाही.

मग लावायचा कुठे? खाजगी जागेत. खाडीला लागून बऱ्याच जुन्या शेतजमिनी आहेत, खाजणं (भरतीचं खारं पाणी शिरणारी सखल जमीन) आहेत, मत्स्यशेतीची तळी आहेत, सोसायट्यांच्या मागच्या भिंती आहेत जिथून कोल्हे आत-बाहेर करतात. मालकाला भेटा, काय करणार ते सांगा, लेखी होकार घ्या, साधा कागद चालतो. सोसायटी असेल तर कमिटीचं पत्र. आणि ज्यांना अभ्यास म्हणून मोठं काम करायचंय त्यांनी कांदळवन कक्षाकडे रीतसर अर्ज करावा, त्यात कुठे, किती दिवस, किती कॅमेरे, फोटोंचं काय करणार हे स्पष्ट लिहावं.

येऊरच्या ओढ्यांबद्दल बरेच जण विचारतात. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे स्वतःचा कॅमेरा ठेवायचा नाही, विषय संपला. गावठाणात किंवा पाड्याजवळ कोणाची खाजगी जागा असेल आणि मालकाची परवानगी असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथे बिबट्या आहे, कॅमेरा काढायला-घालायला उन्हं चांगली वर आल्यावरच जा, दोघं जा.

जागा शोधताना काय बघायचं

एक आख्खी ओहोटी नुसतं चालायला द्या, कॅमेरा घरीच ठेवा. ओला चिखल म्हणजे वर्तमानपत्र असतं, रात्री कोण आलं कोण गेलं सगळं त्यात छापलेलं. कोल्ह्याचा ठसा आणि कुत्र्याचा ठसा यात गोंधळ होतोच. कुत्र्याचा ठसा पसरट, नखं जाडी. कोल्ह्याचा लांबट, आटोपशीर, आणि मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागे एकमेकींना जोडलेल्या दिसतात, चांगल्या चिखलात हे स्पष्ट कळतं. कोल्हा बहुतेक सरळ रेषेत, कामावर निघाल्यासारखा चालतो, कुत्रा हुंगत भरकटतो. (आपल्याकडचा हा कोल्हा म्हणजे सोनेरी कोल्हा, पुष्कळ जण फोटो टाकताना त्याला खोकड म्हणतात, खोकड वेगळं, लहान, झुपकेदार शेपटीचं.) २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण, हे लक्षात असू दे.

विष्ठा बघा, त्यात खेकड्याचे तुकडे, केस, बोरांच्या बिया दिसतात. बांधाला आरपार गेलेली वाट बघा, गवत दबलेलं असतं. उघाडी म्हणजे जिथून पाणी आतबाहेर करतं ती जागा फार चांगली, तिथे मासे-खेकडे अडकतात म्हणून रातबगळा, खंड्या, मुंगूस, रानमांजर, कोल्हा सगळेच कधी ना कधी येतात. पण सगळ्यात भरवशाची जागा विचाराल तर बांधाचा माथा. तिवरांत सगळीकडे चिखल, त्यामुळे जनावरालाही कोरडी वाट सोपी पडते, आणि तिथे पाणीही चढत नाही. माझे निम्म्याहून जास्त चांगले फोटो बांधावरचे आहेत.

चिखलात उतरताना गमबूट, हातात काठी, आणि एकटं नाही. पाय गुडघ्यापर्यंत रुतला की ओढून काढायला दुसरं माणूस लागतं आणि भरती थांबत नाही. पाणी वळायच्या तासभर आधी बांधावर परत. बांधाच्या दगडांत घोणस असते, हात घालण्याआधी काठी घाला.

कॅमेरा घेताना

फार खोलात जात नाही कारण मॉडेल दर वर्षी बदलतात. डब्यावर लिहिलेल्या मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका, स्वस्त कॅमेऱ्यात तो आकडा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो, फोटो घेणारा खरा सेन्सर लहानच. दोन गोष्टी बघा. एक, ट्रिगरचा वेग, म्हणजे जनावर हलल्यापासून फोटो निघेपर्यंतचा वेळ, अर्ध्या सेकंदाच्या आत हवा नाहीतर मुंगसाची फक्त शेपटी मिळते. दोन, रात्रीचा इन्फ्रारेड प्रकाश ८५० नॅनोमीटरचा आहे की ९४०. ८५० ची पोच लांबची पण दिवे अंधारात मंद लाल दिसतात, ९४० चे दिसत नाहीत पण उजेड कमी पडतो. खाडीकाठी रात्रीही माणसं असतात, लाल ठिपका दिसला की कॅमेरा चोरीला जातो, म्हणून मी ९४० घेतो आणि कॅमेरा वाटेच्या जवळ लावतो, पाच-सहा मीटरवर.

सिमकार्डवाले कॅमेरे फोटो थेट मोबाईलवर पाठवतात, छान आहेत, पण बॅटरी जास्त खातात आणि सुरुवातीला गरज नाही. कार्ड चांगल्या कंपनीचं ३२ जीबीचं, आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच करायचं, लॅपटॉपवर नाही. सेल लिथियमचे परवडत असतील तर तेच. अल्कलाइन सेल उतरत गेले की रात्रीचा उजेड मंदावतो, दिवसाचे फोटो मस्त आणि रात्रीचे काळे असं झालं तर बहुतेक वेळा हेच कारण असतं. जुने-नवे सेल एकत्र कधीच नाही.

बांधणी

बांबू किंवा जी.आय. पाईप बांधात दोन-अडीच फूट ठोकायचा. बांबू हलता कामा नये, खाडीवरचा संध्याकाळचा वारा जोरात असतो आणि कॅमेरा हलला की कार्ड रिकाम्या फोटोंनी भरतं. उंची कोल्ह्यासाठी गुडघ्याला, मुंगूस-घुशीसाठी वीत-दीड वीत. पण हे बांधाच्या माथ्यावर. उतारावर लावायचा असेल तर उधाणाच्या मोठ्या भरतीची रेषा आधी शोधा. ती शोधायला रात्री जायची गरज नाही, पौर्णिमा-अमावास्येनंतर दोन दिवसांनी सकाळी जा, तिवरांच्या पानांवर चिखलाचा राखाडी थर जिथपर्यंत बसलाय ती खरी रेषा. तिच्यावर कमीत कमी दोन फूट. मग कॅमेरा उंच जातो, तेव्हा मागे वरच्या बाजूला लाकडाची पाचर घालून तोंड खाली झुकवा.

तोंड कुठे करायचं? उत्तरेला. पूर्व-पश्चिमेला केलं तर सकाळ-संध्याकाळ सूर्य थेट काचेत, आणि ओल्या चिखलावरून परत उसळलेला उजेड वेगळाच. दक्षिणेकडेही हिवाळ्यात सूर्य खाली असतो, तिकडे जमलं तर टाळा. उघड्या पाण्याकडे तोंड अजिबात नको, लाटांवर चमकणाऱ्या उन्हाने हालचाल ओळखणारा सेन्सर दिवसभर फसतो. वाटेशी काटकोनात लावला तर जनावर फ्रेममधून चटकन निघून जातं, समोरासमोर लावला तर सेन्सरला उशिरा कळतं कारण त्याला आडवी हालचाल चांगली समजते, म्हणून वाटेशी तिरका, पंचेचाळीस अंशांच्या आसपास.

लावून झाल्यावर टेस्ट मोडवर ठेवून स्वतः जनावराच्या उंचीने, म्हणजे ओणवं होऊन, वाटेवरून दोनदा जा. हे टाळू नका. समोरच्या गवताचं पातं हलतंय का बघा, ते हाताने दुमडा. साखळी-कुलूप लावा, आणि कॅमेऱ्यावर मराठीत चिठ्ठी चिकटवा की हा जनावरांचे फोटो काढायचा कॅमेरा आहे, जागेच्या मालकाच्या परवानगीने लावलाय, आणि खाली एक मोबाईल नंबर. कुलपापेक्षा या चिठ्ठीने माझे कॅमेरे जास्त वाचलेत, कारण खेकडे पकडायला येणाऱ्या काकांना एकदा कळलं की हे आपल्यावर नजर ठेवायला नाही, की तेच राखण करतात. जाऊन भेटा त्यांना, फोटो दाखवा.

सेटिंग

हालचाल ओळखणारा हा सेन्सर गरम शरीर आणि मागची पार्श्वभूमी यातला हलता फरक पकडतो, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सोपं आहे. जानेवारीच्या रात्री फरक मोठा, सेन्सिटिव्हिटी मध्यम पुरते. एप्रिल-मे मध्ये चिखल, दगड, हवा सगळंच तापलेलं, फरक कमी, तेव्हा हाय करा. मग उन्हाने तापलेली पानं हलून दुपारी रिकामे फोटो जास्त येतील, ते सहन करा नाहीतर कॅमेऱ्यात वेळ लावायची सोय असेल तर भर दुपार बंद ठेवा.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. पाण्यातून नुकतंच वर आलेलं जनावर, अंगावर थंड पाण्याचा थर, सेन्सरला जवळजवळ दिसतच नाही. साप, घोरपड, खेकडे, निवट्या (चिखलावर उड्या मारणारे मासे) यांचं अंग तर आजूबाजूइतकंच गरम किंवा थंड. म्हणजे कार्डात आलं नाही याचा अर्थ ते तिथे नाही असा होत नाही. त्यांच्यासाठी टाइमलॅप्स मोड, दर पाच मिनिटांनी एक फोटो, दिवसाच्या बारा तासांत १४४ होतात, कार्डाला जड नाही. ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलावर हा मोड लावून बघा, निवट्यांच्या मारामाऱ्या, तुतारी-शेकाट्यासारखे पक्षी, आणि पाणी कसं सरकतं हे इतकं सुंदर दिसतं की मी आता एक कॅमेरा फक्त यासाठीच ठेवलाय.

बाकी, एका ट्रिगरला तीन फोटो, मध्ये तीस सेकंदांचा अवकाश. व्हिडिओ सुरुवातीला नको. तारीख-वेळ बरोबर लावा आणि पहिला फोटो स्वतःच्या मोबाईलच्या घड्याळाचा घ्या, म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळ किती चुकतंय ते नंतर कळतं. इथे मिनिटांना किंमत आहे, कारण प्रत्येक फोटो भरतीच्या वेळेशी जुळवायचा असतो.

आमिष टाकायचं नाही. कोंबडीचे तुकडे नाहीत, मासळी नाही, काहीच नाही. कोल्हा माणसाच्या खाण्याला सोकावला की वस्तीत येतो, तिथे भटके कुत्रे, रेबीज, गाड्या. फोटोसाठी जनावराचं आयुष्य कमी करायचा आपल्याला काही अधिकार नाही.

दर पंधरा दिवसांनी

खाऱ्या हवेत महिनाभर कॅमेरा सोडू नका. सोबत गोड्या पाण्याची बाटली, मऊ कापड, नवं कार्ड, सेल, सिलिका जेलच्या पुड्या, लहान ब्रश, पेन्सिलचं खोडरबर. आधी ओल्या कापडाने बाहेरचं मीठ पुसा, मगच उघडा. रबरी पट्टीवर वाळूचा कण राहिला तर तिथूनच पाणी शिरतं, ती ब्रशने साफ करून सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, व्हॅसलिन नको, त्याने काही रबरं फुगतात. स्प्रिंगांवर हिरवट दिसलं तर खोडरबराने घासा. सिलिका बदला. मुंग्या बघा, त्यांना आतली ऊब आवडते, माझ्या एका कॅमेऱ्यात अंड्यांसकट आख्खं घर केलं होतं. काचेवर कोळ्याचं जाळं असेल तर काढा, रात्रीच्या उजेडात तो एक धागा सगळा फोटो पांढरा करतो.

घरी येऊन पहिलं काम, माणसांचे सगळे फोटो न बघता-दाखवता डिलीट. खाडीवर लोक मासेमारीला येतात, शौचाला येतात, कोणी निवांत बसायला येतं. ते आपल्या कार्डात चुकून आलेत, त्यांचा फोटो कोणाला पाठवायचा नाही.

मग वही. तारीख, तिथी, वेळ, भरतीपासून किती तास, कोण. चार-पाच फेऱ्यांनंतर वही बोलायला लागते. माझ्या बांधावर कोल्हा घड्याळाने येत नाही, पाणी उतरायला लागून दोन-तीन तास झाले की येतो, मग ते रात्री नऊ असो की पहाटे तीन, आणि तोंडात खेकडा घेऊन परत जातानाचे फोटो उधाणाच्या ओहोटीलाच जास्त आहेत. हे मला मोबाईलमधल्या नुसत्या तारखांवरून कधीच कळलं नसतं. कुत्र्यांचीही नोंद करा, कंटाळा येतो कारण सगळ्यात जास्त तेच येतात, पण कुत्र्यांची टोळी दिसली त्यानंतर कोल्हा किती दिवस आला नाही हे उद्या कोणाला तरी उपयोगी पडेल.

फोटो टाकताना जागा सांगायची नाही, "ठाणे खाडी" एवढं बस. फाईलमधलं लोकेशन काढून टाका, मागे इमारत किंवा टॉवर ओळखू येत असेल तर कापा. जखमी जनावर किंवा फास दिसला तर फोटो टाकत बसू नका, वनखात्याच्या १९२६ हेल्पलाइनला आधी फोन.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळे कॅमेरे काढून घ्या. पावसाळ्यात बांध फुटतात, दुपारचं उधाण आणि वरून येणारं पुराचं पाणी एकत्र आलं की उंचीचा कुठलाच हिशोब चालत नाही. सेल बाहेर काढा, दार उघडं ठेवून दोन दिवस पंख्याखाली वाळवा, मग सिलिकाच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात. बांबू तिथेच राहू दे. मी मामांना सांगून ठेवलंय, जुलैच्या अमावास्येला दुपारी त्यावर पाणी कुठवर चढलं तिथे तेवढी खूण करून ठेवा.